नाटक मोजायचे तर प्रयोगापासून

पॅरिसच्या 'कॉमेदी फ्रान्सेज' या नाट्यसंस्थेत १६८० पासून प्रयोगागणिक वही लिहिली जायची. आज कोणते नाटक झाले, कोणत्या दराची किती तिकिटे गेली, गल्ला किती जमला, हे त्या वहीत मांडून ठेवायचा शिरस्ता होता. १६८० ते १७९३ या काळातल्या वह्या आता संगणकावर आल्या असून त्यांत तीस हजारांहून अधिक प्रयोगांचा तपशील आहे. त्यामुळे तीनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या संध्याकाळी तिथे काय लागले होते आणि महागड्या जागा भरल्या होत्या की स्वस्तातल्या, हे आज कोणालाही घरबसल्या पाहता येते. आता प्रश्न आपल्या गावाचा, छत्रपती संभाजीनगरचा. १९७५ साली शहागंजच्या घड्याळ मनोऱ्यापासून पायी जाता येईल एवढ्या टापूत, म्हणजे सिटी चौक, सराफा, गुलमंडी, औरंगपुरा धरून, वर्षभरात किती नाटके झाली? ती कोणी केली, कोणत्या भाषेत केली, कोणत्या सभागृहात, मांडवात किंवा चौकात केली? पन्नास वर्षांपूर्वीच्या या प्रश्नाचे उत्तर एका जागी मिळत नाही. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, संस्थांच्या स्मरणिका, कोणाच्या माळ्यावरची हँडबिले आणि वयोवृद्ध रंगकर्मींच्या आठवणी यांत ते विखुरलेले आहे, आणि दरवर्षी त्यातले थोडे थोडे नाहीसे होत आहे.

नाटकाच्या अभ्यासात संगणक वापरण्याची चर्चा आता मराठीतही सुरू झाली आहे. विद्यापीठांच्या चर्चासत्रांत 'डिजिटल ह्युमॅनिटीज' हा शब्द रुळला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेमुळे जुनी नाटके यंत्राला वाचायला लावण्याची कल्पनाही आकर्षक वाटू लागली. या उत्साहाला माझा विरोध नाही. त्याच्या क्रमाला आहे. आपण संहितेपासून सुरुवात करू पाहतो, कारण छापील पुस्तक हाताशी असते आणि ते स्कॅन करणे सोपे असते. मराठी रंगभूमीच्या बाबतीत, आणि मराठवाड्याच्या बाबतीत तर विशेषच, हा क्रम उलटा असायला हवा. पहिले काम प्रयोगांच्या नोंदींचे. कोणता प्रयोग, कुठे, केव्हा, कोणी केला याची खुली आणि तपासता येण्याजोगी नोंद आधी उभी राहिली पाहिजे. ती नसताना केवळ छापील संहितांवर कितीही अवघड गणित केले, तरी मुंबई-पुण्याच्या रंगभूमीचा जो इतिहास आपल्याला आधीच ठाऊक आहे, तोच आकड्यांच्या वेशात परत येईल.

संहितेच्या संगणकीय अभ्यासातून काय हाती लागते, हे आधी प्रांजळपणे मान्य करायला हवे. इटालियन समीक्षक फ्रँको मोरेत्ती यांनी २०११ साली 'हॅम्लेट'मधले कोणते पात्र कोणाशी बोलते याचे जाळे काढले आणि त्यातून एखादे पात्र उचलून घेतले तर काय उरते, असा प्रश्न विचारला. पुढे 'ड्राकोर' या खुल्या प्रकल्पाने अनेक भाषांतली नाटके एकाच पद्धतीने खुणा करून उपलब्ध केली. तातार आणि बश्कीर भाषांतल्या नाटकांनाही तिथे जागा मिळाली. हीच रीत गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ला लावून पाहता येईल. सुधाकराची संभाषणे घरच्या माणसांकडून आर्य मदिरा मंडळाकडे कोणत्या प्रवेशात सरकतात, तळीराम या दोन जगांमधला दुवा कसा बनतो, सिंधूच्या भोवतीचा बोलणाऱ्यांचा गोतावळा कसा आटत जातो, हे नकाशासारखे मांडता येईल. एका नाटकापुरते हे जाणत्या वाचकाला आधीच कळलेले असते. खरा लाभ शंभर नाटके शेजारी ठेवल्यावर होतो. पुरुष स्त्रीभूमिका करत होते तेव्हा नाटककारांनी स्त्रीपात्रांना किती बोलू दिले? १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'नंतर स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा प्रघात बळावत गेला, तेव्हा तो वाटा वाढला की तेवढाच राहिला? असल्या प्रश्नांचे उत्तर कितीही व्यासंगी समीक्षकाच्या स्मरणातून मिळणार नाही; मोजूनच मिळेल.

मात्र मोजणीची मर्यादाही मराठी नाटकेच दाखवून देतात. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये खटला पुढे सरकतो तसे बेणारेबद्दल सगळे बोलू लागतात आणि तिचे स्वतःचे बोलणे बंद पडत जाते. शेवटी तिचे दीर्घ स्वगत येते, आणि ते चालू असताना बाकीची पात्रे थिजून उभी असतात. शब्द मोजणारे यंत्र सांगेल की शेवटी बेणारेला भरपूर बोलायला मिळाले. नाटक सांगते की ते कोणीच ऐकले नाही. प्रशांत दळवी यांच्या 'चारचौघी'मधला गाजलेला टेलिफोनचा प्रवेश पाहा. विद्या नवऱ्याशी बोलते आहे, पण रंगमंचावर तिचा एकटीचाच आवाज आहे. पात्रांच्या जाळ्यात या प्रवेशात एकच बिंदू दिसेल. पलीकडचा माणूस संहितेत बोलत नाही म्हणून यंत्राच्या लेखी तो नाहीच. प्रेक्षक मात्र त्याचे प्रत्येक वाक्य विद्येच्या चेहऱ्यावर वाचत असतो. ज्या कलेत न बोलणे, थांबणे आणि ऐकणे यांना बोलण्याइतकेच वजन आहे, तिचा अभ्यास केवळ छापलेल्या शब्दांवर उभा करणे म्हणजे अर्धेच नाटक वाचणे आहे.

'चारचौघी'चेच उदाहरण आणखी पुढे नेता येते. लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी हे दोघेही याच शहरात घडलेले, 'जिगीषा' या इथल्या नाट्यसंस्थेतून मुंबईला गेलेले. १९९१ मध्ये हे नाटक दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, प्रतीक्षा लोणकर, आसावरी जोशी यांनी केले; २०२२ मध्ये त्याच दिग्दर्शकाने रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम, पर्ण पेठे यांना घेऊन ते पुन्हा उभे केले. संहिता मोजली तर दोन्ही वेळचे निकाल जवळपास सारखेच येतील. पण मधल्या तीन दशकांत मराठी घर बदलले, लग्नाकडे पाहण्याची नजर बदलली, प्रेक्षक बदलला. काय बदलले हे कळायचे तर प्रयोगांकडेच जावे लागेल: १९९१ नंतर कोणत्या गावांनी हे नाटक बोलावले, दौरा किती लांबला, २०२२ च्या आवृत्तीला त्याच गावांतून प्रतिसाद आला की वेगळ्या, महिला मंडळांनी प्रयोग घेतले का, कोणत्या शहरात एकाच प्रयोगावर थांबावे लागले. संहिता एकच, घटना दोन. रंगभूमीच्या इतिहासाचे एकक ती घटना आहे.

छापील संहितेवर विसंबण्यात याहून मोठा धोका आहे तो न्यायाचा. जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' १८५५ मध्ये लिहिले, दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि ते छापून आले थेट १९७९ मध्ये. मधली सव्वाशे वर्षे छापील नाटकांच्या कोणत्याही यादीत ते असणे शक्यच नव्हते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची जी थोर सूची एकहाती केली, ती आजही नाट्यसंशोधकाचा पहिला आधार आहे. पण सूची पुस्तकांची आहे, प्रयोगांची नाही. आंबेडकरी जलसे गावोगाव झाले, हजारोंनी पाहिले, आणि पुस्तकांच्या यादीत त्यांचा मागमूस फारसा नाही. तमाशाचा वग वर्षानुवर्षे तोंडी चालत राहिला. मागाहून एखाद्या संशोधकाने तो टिपला तर टिपला. याच शहरात मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' केले आणि दलित रंगभूमीचा इतिहास सांगणारे अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. त्या प्रयोगाचे मोल पुस्तकाच्या पानांत शोधून सापडणार नाही. तो कोणत्या आवारात, कोणासमोर, कोणत्या वर्षी झाला यात ते आहे. छापले गेले तेवढेच नाटक मानणाऱ्या संगणकाला हा सगळा इतिहास शून्य दिसेल, आणि ते शून्य शास्त्रशुद्ध असल्याचा भासही होईल.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर इथली पोकळी आणखी खोल आहे, आणि तिला कारणे आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू, छापखाने थोडे, मराठी शाळा त्याहून थोड्या. १९२९ च्या 'गश्ती निशान ५३'ने जाहीर सभा-समारंभांना सरकारी परवानगीची अट घातली. परवानगी म्हटली की अर्ज आला, अर्ज म्हटला की दप्तर आले. म्हणजे मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाच्या काही नोंदी मराठी ग्रंथालयांत नसून हैदराबादच्या तारनाक्यावरील राज्य अभिलेखागारात, उर्दू कागदांत शोधाव्या लागतील. दुसरे कारण वाटेचे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. मुंबईकडून रुंद रुळांवरून आलेला माल मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. पडदे, पेट्या, तंबोरे, तबले आणि साठ-सत्तर माणसांचा बिऱ्हाडबाजार घेऊन फिरणाऱ्या संगीत नाटक कंपन्यांना हा चढ-उतार परवडत होता का? मराठवाड्यात त्यांचे दौरे विदर्भाच्या किंवा कर्नाटकाच्या मानाने कमी झाले असतील, तर त्यामागे रसिकता होती, राजवट होती की रुळांची रुंदी? नुसत्या तर्काने याचा निकाल लागत नाही. दौऱ्यांच्या तारखा आणि मुक्काम नकाशावर मांडले, त्यावर रेल्वेमार्ग घातले, तर मात्र निदान कोणता तर्क टिकत नाही हे तरी कळेल.

अशी मांडणी जगात झालेली आहे. ऑस्ट्रेलियाने 'ऑसस्टेज' या नावाने देशभरातल्या प्रयोगांचा खुला संग्रह उभा केला. त्याच चौकटीवर नॉर्वेच्या ओस्लो विद्यापीठाने इब्सेनच्या नाटकांच्या जगभरच्या प्रयोगांची नोंद केली, आणि त्या आधारे 'अ डॉल्स हाउस' कोणत्या देशांत, कोणत्या नटींमुळे, कोणत्या वाटांनी पोहोचले हे अभ्यासकांनी २०१६ च्या एका ग्रंथात मांडले. मराठीत त्याच नाटकाचे अनंत काणेकरांनी १९४१ मध्ये 'घरकुल' केले. 'घरकुल' मुंबईबाहेर कुठे कुठे गेले, हैदराबाद संस्थानातल्या मराठी माणसाला ते कधी पाहायला मिळाले, हौशी मंडळींनी ते पुढे किती वर्षे केले, हे सांगणारी नोंद असती तर त्याची नायिका नोरा मराठी मुलखात कशी फिरली हेही तितक्याच नेमकेपणाने सांगता आले असते. जागतिक संग्रहात आपली जागा रिकामी दिसते तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की इथे काही घडलेच नाही.

सामग्री नाही, असे म्हणण्याची सोय मात्र आपल्याला नाही. ती आहे, आणि तिचा मोठा हिस्सा सरकारी ताब्यात आहे. राज्य हौशी नाट्य स्पर्धा साठ आवृत्त्यांच्या पुढे गेली आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड यांसारख्या केंद्रांवर दर हंगामात प्राथमिक फेरी होते. कोणत्या संस्थेने कोणत्या दिवशी कोणते नाटक केले, लेखक-दिग्दर्शक कोण, निकाल काय, याचे कागद तयार होतात. महानगरपालिकेच्या संत एकनाथ रंगमंदिराचे आणि संत तुकाराम नाट्यगृहाचे बुकिंग होते, म्हणजे तारीखवार नोंद होते. एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षे बंद राहिले तेव्हा शहरातले प्रयोग घटले की दुसरीकडे वळले, हा रंगभूमीइतकाच नगर नियोजनाचाही प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर त्या नोंदींतून निघू शकते. अनंत भालेराव यांनी दीर्घकाळ संपादित केलेल्या आणि आता बंद पडलेल्या 'मराठवाडा' दैनिकाच्या फायलींत नाटकांच्या जाहिराती आणि परीक्षणे आहेत. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाने सत्तरच्या दशकापासून रंगकर्मींच्या पिढ्या घडवल्या. तिथले विद्यार्थी प्रयोग हाही एक सलग धागा आहे.

या सगळ्यांत सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित ऐवज आहे तो राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडचा. १९५० च्या दशकापासून महाराष्ट्रात नाटक रंगमंचावर आणण्याआधी संहिता या मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही पूर्वपरवानगी असावी का, हा वेगळा आणि गंभीर वाद आहे. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. माझ्या मते ही अट जायलाच हवी. पण ती असेपर्यंत तिने निर्माण केलेला साठा जनतेचा आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीची नाट्यसेन्सॉरशिप १९६८ च्या कायद्याने संपली, आणि तिच्याकडे जमा झालेल्या १८२४ पासूनच्या संहिता आज ब्रिटिश लायब्ररीत अभ्यासकांसाठी आहेत. कधीच न छापलेली असंख्य नाटके केवळ सेन्सॉरच्या फडताळामुळे वाचली. आपल्याकडे 'सखाराम बाइंडर'ची काटछाट सर्वांना माहीत झाली, कारण तो तंटा न्यायालयात गेला. जे हौशी लेखक न्यायालयात गेले नाहीत, मुकाट्याने ओळी खोडून प्रयोगाला उभे राहिले, त्यांच्या संहितांतून कोणते शब्द, कोणत्या जाती, कोणते पुढारी खोडले गेले? दाखल संहिता आणि मंजूर संहिता यंत्राने ताडून पाहिल्या तर सरकारला कोणत्या दशकात कशाची भीती वाटत होती, याचा आलेख मिळेल. संहितेच्या संगणकीय अभ्यासाला इथे खरे काम आहे, कारण इथे प्रत्येक संहितेला तारीख आहे, संस्था आहे आणि होऊ घातलेला प्रयोग आहे.

यावर पहिला आक्षेप रंगकर्मींकडून येतो. नाटक ही जिवंत कला. तिला रकान्यांत बसवले की तिचा प्राण जातो, असे म्हटले जाते. पण मोजणी आणि रसिकता यांचे वैर आपल्या परंपरेला माहीत नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने रसाची चर्चा केली आणि मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद असावे हेही सांगितले. नाटकाला पाच ते दहा अंक, भाणाला एकच नट, ही वर्गवारी मोजूनच केलेली आहे. प्रयोगांची नोंद रसाची जागा घेत नाही. ज्या रसाबद्दल आपण बोलतो तो कोणाला, कुठे, किती वेळा मिळाला हे सांगते. 'अमुक नाटकाने महाराष्ट्र हलवला' असे विधान नाट्यसमीक्षेत सर्रास केले जाते. तो महाराष्ट्र म्हणजे नक्की किती गावे, हे विचारण्यात कलेचा कोणताही अपमान नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोंद ज्यांच्याकडे आहे त्यांचाच इतिहास या पद्धतीने लिहिला जाईल; ज्यांच्याकडे सभागृह नव्हते, रजिस्टर नव्हते, छापील निमंत्रण नव्हते, ते पुन्हा एकदा वगळले जातील. हा धोका खरा आहे. म्हणून नोंदीचा आराखडाच त्यावर बेतायला हवा. स्थळाच्या रकान्यात नाट्यगृहाबरोबर चौक, मैदान, वस्ती, शाळेचे पटांगण यांना स्वतंत्र स्थान हवे. प्रकाराच्या रकान्यात तीन अंकी नाटकाच्या शेजारी जलसा, वग, मेळा, पथनाट्य, एकांकिका हव्यात. आधाराच्या रकान्यात 'मौखिक साक्ष' हा छापील जाहिरातीइतकाच मान्य प्रकार हवा. साक्ष कोणत्या वर्षी घेतली, किती जणांच्या सांगण्यात मेळ बसला, हे लिहिले की झाले. रुस्तुम अचलखांब यांनी तमाशावर आणि आंबेडकरी शाहिरीवर केलेले काम इथे वाट दाखवते: ज्याला लेखी पुरावा नाही त्याचा अभ्यास माणसांकडे जाऊन करावा लागतो, आणि तो काटेकोरपणे करता येतो. शिवाय चांगली नोंदवही आपल्यातल्या रिकाम्या जागाही उघड दाखवते. १९५० च्या दशकात अमुक वस्तीतून एकही नोंद नाही, हे नकाशावर दिसले की पुढच्या संशोधकाला कुठे जायचे ते कळते. कथनपर इतिहासात ही रिकामी जागा सफाईदार वाक्याखाली सहज झाकली जाते.

भाषेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. शहागंज आणि सिटी चौकाच्या परिसरात उर्दू ही घराघरांतली भाषा आहे, आणि वली व सिराज यांचे हे शहर उर्दूच्या इतिहासातही मानाने उभे आहे. इथल्या रंगभूमीची नोंद केवळ देवनागरीत शोधली तर अर्धे शहर हातून जाईल. स्थळनामांची गुंतागुंत वेगळीच. एकाच जागेची नोंद जुन्या कागदात औरंगाबाद, नव्या कागदात छत्रपती संभाजीनगर. कोणी शहागंज लिहितो, कोणी शाहगंज, कोणी उर्दूत. यंत्राला मोकळे सोडले तर ते उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या शाहगंजवर खूण करून मोकळे होईल. म्हणून प्रत्येक स्थळाला एक कायमचा क्रमांक आणि त्याखाली त्याची सगळी नावे, अशी शिस्त लागते. ती लावणारा माणूस गावाची माहिती असलेलाच हवा. हे काम परगावच्या कंत्राटदाराकडे देऊन होणार नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, मग संहिता खुल्या कशा करणार? किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटके केव्हाच मुक्त झाली आहेत. १९६४ मध्ये निवर्तलेल्या मामा वरेरकरांचे साहित्यही २०२५ पासून मुक्त आहे. तेंडुलकर-एलकुंचवारांच्या पिढीला मात्र बराच अवकाश आहे, आणि जिवंत लेखकांच्या संहिता त्यांच्या संमतीविना यंत्रांना खाऊ घालणे हा सरळ अन्याय ठरेल. पण प्रयोगाची तारीख, स्थळ, संस्था आणि श्रेयनामावली या घडून गेलेल्या गोष्टी आहेत. त्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. प्रयोगापासून सुरुवात करण्याचे हे आणखी एक व्यावहारिक कारण. मंडळाकडच्या संहितांबाबतही आधी केवळ सूची प्रसिद्ध करावी आणि मजकूर हक्काच्या मुदतीप्रमाणे टप्प्याटप्प्याने खुला करावा.

उरतो प्रश्न खर्चाचा आणि तंत्राचा. जुनी मराठी पुस्तके यंत्राला नीट वाचता येत नाहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुस्वार, झिजलेले खिळे, 'घरातून' आणि 'घरच्यांना' यांतले 'घर' ओळखण्याची अडचण, हे सगळे आहेच. मराठवाडी बोलीत पात्र 'करायलो', 'जायलो' म्हणाले तर प्रमाण मराठीवर घडवलेले यंत्र त्याला चूक समजून दुरुस्त करू पाहील. संहितांचे काम म्हणूनच महाग आणि सावकाशीचे आहे. प्रयोगांची नोंद तुलनेने स्वस्त आहे: साधा तक्ता, ठरलेले रकाने, प्रशिक्षित विद्यार्थी आणि चुका तपासणारा संपादक. इथे लंडनचा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १६६० ते १८०० या काळातल्या लंडनच्या प्रयोगांची सूची १९६० च्या दशकात अकरा भागांत छापली गेली. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या लॉरेन्स विद्यापीठात तिची संगणकीय आवृत्ती झाली. छापील खंड कपाटात सुखरूप राहिले. संगणकीय आवृत्ती तंत्र जुने झाल्याने जवळपास हरवली आणि मोठ्या खटपटीने तिचे अवशेष जुळवून २०१९ मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली. महागड्या सॉफ्टवेअरात कोंडलेली माहिती आणि ठेकेदाराची मुदत संपताच बंद पडणारे संकेतस्थळ, हा अनुभव आपल्या सरकारी प्रकल्पांना नवा नाही. तक्ता साध्या फाइलमध्ये असावा, त्याच्या प्रती विद्यापीठ, साहित्य परिषद आणि राज्य अभिलेखागार अशा किमान तीन ठिकाणी असाव्यात, आणि दरवर्षी एक प्रत कागदावरही निघावी.

सुरुवात संपूर्ण महाराष्ट्रापासून करण्याची घाई नको. एका शहरापासून करावी, आणि त्यासाठी छत्रपती संभाजीनगर योग्य आहे: नाट्यशास्त्र विभाग आहे, दोन महापालिका नाट्यगृहे आहेत, स्पर्धेचे केंद्र आहे, दोन लिप्यांतली कागदपत्रे आहेत, आणि ज्यांच्या आठवणी टिपायला हव्यात असे रंगकर्मी अजून हयात आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने स्पर्धेच्या आजवरच्या सर्व केंद्रांच्या निकालपत्रांची आणि परिनिरीक्षण मंडळाकडच्या संहितांची सूची प्रसिद्ध करावी. महापालिकेने बुकिंग रजिस्टरे फेकण्याआधी विद्यापीठाच्या स्वाधीन करावीत. नाट्यशास्त्र, मराठी, उर्दू आणि संगणकशास्त्र या विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाऐवजी एका दशकाची नोंद हा पर्याय द्यावा. नव्या नोंदी शोधणे हे संशोधन नव्हे असे मानण्याची आपली सवय त्यासाठी सोडावी लागेल. एवढे झाले तर पाच-सात वर्षांत पात्रांची जाळी, बोलीचा अभ्यास, काटछाटीचा आलेख या सगळ्याला पायाखाली जमीन मिळेल. नाही झाले, तर यंत्रे येतीलच, आणि जे त्यांच्यासमोर ठेवले जाईल त्यालाच ती मराठी रंगभूमी म्हणतील. त्या व्याख्येत मराठवाडा नसेल, तर दोष यंत्राचा नसेल.